हिंगमिरे बाईंचा व्हिडिओ

बाई आल्या तेव्हा मी एका मंत्र्याला धारेवर धरत होतो. मंत्री मुंबईत होते आणि मी सांगलीत, आमच्या मागच्या खोलीत, आवाज घुमू नये म्हणून भिंतीला उभ्या केलेल्या गाद्यांच्या मधोमध. "माझा तुम्हाला थेट प्रश्न आहे," असं म्हणून मी कॅमेऱ्याकडं बोट रोखलं आणि तेवढ्यात वैजयंतानं दार किलकिलं केलं.

"अहो, जतकडून एक बाई आल्यात."

"बसव. दहा मिनिटं."

"तास झाला बसल्यात. दोन गाड्या बदलून आल्यात त्या. परत जायचंय त्यांना."

मी कॅमेरा बंद केला. मंत्री सुटले.

त्या काळात आमच्याकडं अशी माणसं रोज यायची. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद, कागदांवर आवक-जावकचे शिक्के. सगळ्यांचं म्हणणं एकच असायचं, तुम्ही बोलला तर काम होईल. 'ओतारी बोलतोय' हे माझ्या चॅनलचं नाव होतं आणि लोकांनी ते फारच मनावर घेतलं होतं. मी कागदांच्या झेरॉक्स ठेवून घ्यायचो, बघतो म्हणायचो आणि बहुतेक वेळा बघायचो नाही. आधी वर्तमानपत्रात चौदा वर्षं काढली होती. तिथं निदान कागद बघायला वेळ असायचा.

बाई आत आल्या. पंचावन्न-छप्पनच्या असतील. सुती साडी, खांद्याला पर्स, हातात स्टीलची पाण्याची बाटली. पाहुण्यांच्या खुर्चीत अगदी कडेला बसल्या, ताठ.

"तो दिवा बंद करता का? डोळ्यांवर येतोय," त्या म्हणाल्या.

मी दिवा बंद केला. "बोला. कुठल्या खात्याचं काम?"

"शिक्षण. आणि निवडणूक."

"तक्रार कुणाविरुद्ध?"

"तक्रार नाही. मी महानंदा हिंगमिरे. तुमच्या व्हिडिओतली बाई."

खरं सांगायचं तर मला काही आठवेना. तोवर मी चारशेच्या वर व्हिडिओ केले होते. त्यात बाया, बाप्ये, अध्यक्ष, उपाध्यक्ष, कोण कोण येऊन गेलं होतं. नावं माझ्या तोंडून जायची, डोक्यात राहायची नाहीत. मी विचारलं, "कुठला व्हिडिओ?"

बाईंनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता त्यात. वर्गात एखाद्या पोरानं स्वतःचंच दप्तर ओळखलं नाही तर बाई जशी बघेल तसं पाहिलं.

"गाडीत मशीन ठेवणारी," त्या म्हणाल्या.

मग आठवलं. कसं नाही आठवणार! त्याच व्हिडिओनं मला मोठं केलं होतं. अडतीस सेकंदांचा. मतदानाच्या दिवशी संध्याकाळी जत तालुक्यातल्या एका गावातून मला फोनवर आला होता. शाळेचं आवार, एक बाई मतदान यंत्राची पेटी घेऊन चालते आणि एका पांढऱ्या खासगी गाडीत नेऊन ठेवते. मी वर मथळा टाकला होता, 'भरदिवसा मशीन निघालं कुठं? ही बाई कोण?' तीस लाख लोकांनी पाहिला. चाळीस हजारांचं माझं चॅनल महिन्याभरात तीन लाखांवर गेलं. मुंबईच्या वाहिन्यांचे फोन यायला लागले. संध्याकाळच्या चर्चेत मला एक चौकट मिळाली, नावाखाली 'राजकीय विश्लेषक' असं लिहिलेली.

ही बाई कोण, हे विचारून मी पुढच्या विषयाकडं गेलो होतो. उत्तर माझ्यासमोर खुर्चीत बसलं होतं.

"मी त्या शाळेची मुख्याध्यापिका," बाई सांगू लागल्या. "त्या दिवशी केंद्राध्यक्षही मीच होते. दुपारी आमचं यंत्र अडलं म्हणून मी क्षेत्रीय अधिकाऱ्यांना कळवलं. ते जीपमधून राखीव यंत्र घेऊन आले. तोवर आमचं चालू झालं. मग राखीव यंत्र परत न्यायचं होतं. त्याची पेटी फोडलीसुद्धा नव्हती, एकही मत नव्हतं त्यात. पण साहेबांची जीप चालू होईना. त्यांनीच गावातली खासगी गाडी बोलावली. मला म्हणाले, बाई, पेटी उचला, ठेवा त्यात. मी ठेवली."

"मग तसं सांगायचं ना."

"सांगितलं की. साहेबांनी लिहून दिलं, मी तिथं नव्हतोच. बाईंनी परस्पर केलं. खासगी गाडी वापरली हे त्यांच्या अंगावर आलं असतं ना. मला निलंबित केलंय. अठ्ठावीस तारखेला चौकशी आहे."

"पोलिस होता ना बंदोबस्ताला?"

"होता. त्याला आता आठवत नाही."

वैजयंता चहा घेऊन आली आणि तिथंच दाराला टेकून उभी राहिली. एरवी ती माझ्या पाहुण्यांसमोर थांबत नसे.

"शाळेसमोरच्या पानटपरीवाल्यानं काढून तुम्हाला पाठवला होता तो व्हिडिओ," बाई म्हणाल्या. "शिवलिंगप्पा. त्याच्याकडं गेले मी. तो म्हणाला, बाई, मी आडवा काढलेला, त्यात साहेब बी दिसत होते, जीप बी दिसत होती. पण चौकशा सुरू झाल्यावर भ्यायला आणि फोनमधून पुसून टाकला. आता तो काढलाच नाही म्हणतोय. म्हणजे पूर्ण व्हिडिओ फक्त तुमच्याकडं असणार. असला तर. म्हणून आले."

इथं आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. लोक फोन उभा धरतात, म्हणून आडवा काढलेला व्हिडिओ आम्हाला उभा करावा लागतो. उभा करायचा म्हणजे दोन्ही कडा कापायच्या आणि मधला पट्टा ठेवायचा. मी तो संध्याकाळी चहा पिता पिता कापला होता. दहा सेकंदांचं काम. मध्ये बाई होत्या, पेटी होती, गाडी होती. कडेला काय आहे हे मी पाहिलंसुद्धा नव्हतं. लोकांना वाटतं आम्ही बसून कट रचतो. एवढी फुरसत कुणाला होती!

मूळ व्हिडिओ सापडला. मी संगणकावर लावला. बाई उठून माझ्या खुर्चीमागं येऊन उभ्या राहिल्या.

डाव्या कडेला जीप होती, बॉनेट वर केलेली. जीपशेजारी पांढऱ्या शर्टातला एक माणूस, गळ्यात ओळखपत्र. तो हात लांब करून बाईंना गाडीकडं जायला सांगत होता. एकदा नाही, दोनदा. त्याच्यामागं बंदूकवाला पोलिस होता. मग तो पांढरा शर्ट स्वतः चालत गाडीपर्यंत आला आणि त्यानंच दार लावलं. माझ्या व्हिडिओत दार लावणारा फक्त एक हात दिसायचा. व्हिडिओला जोडून त्या हातावर मी चौदा मिनिटं बोललो होतो. हा हात कुणाचा, या हातामागं कोण, असं.

"बघा," बाई हळूच म्हणाल्या. "होते की नाही साहेब?"

त्यांच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता. दोन महिने सगळं जग तुम्ही खोटं बोलताय म्हणत असलं, की माणसाला स्वतःचीही शंका येऊ लागते. त्या शंकेतून सुटल्यासारख्या त्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि बाटलीतलं पाणी प्यायल्या.

मला लाज वाटली. ते मी नाकारत नाही. पण लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. पहिली तीन वर्षं एका बाजूच्या लोकांनी मला शिव्या दिल्या होत्या, पुढची दोन दुसऱ्या बाजूच्यांनी. मिरजेत व्याख्यानाला गेलो तर तोंडाला शाई फासली होती. एका दूधसंघाच्या अध्यक्षानं अब्रुनुकसानीचा खटला घातला होता. दोन्हीकडचे लोक माझी एक चूक सापडायची वाट बघत बसले होते. ही नुसती चूक नव्हती, माझ्या नावाचा पायाच होता तो. हे बाहेर आलं तर मुंबईची चौकट गेली, तीन लाख गेले, सगळंच गेलं.

"पेनड्राइव्हवर देतो," मी म्हणालो.

"फार उपकार होतील."

"पण एक करा. हा कुठून मिळाला ते सांगू नका. माझं नाव यायला नको."

मी घाईघाईनं पुढं बोलत गेलो. माझ्यावर आधीच खटले आहेत, माझं नाव आलं की तुमच्या प्रकरणाला राजकीय रंग येईल, तुमचंच नुकसान होईल, असं बरंच काही. बोलणं हा माझा धंदाच होता. त्यात मी स्वतःला चांगलं पटवून दिलं.

"व्हिडिओ पुरेसा आहे ना?" बाईंनी विचारलं. "म्हणजे, नुसता दाखवला तर चालेल?"

"न चालायला काय झालं? डोळ्यांनी दिसतंय सगळं."

"बरं. नाही घेणार तुमचं नाव."

"नक्की?"

"शब्द देते. मला तशीही नावं घ्यायची सवय नाही, सर."

टोमणा होता की साधं बोलणं होतं, कळलं नाही. त्यांनी पेनड्राइव्ह रुमालात गुंडाळून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला. निघताना दारात थांबल्या.

"तो तुमचा व्हिडिओ काढाल का तेवढा? गावात पोरं मशीनवाली बाई म्हणतात. माझीच पोरं. मीच शिकवलेली."

"बघतो," मी म्हणालो.

वैजयंता त्यांना एस.टी. स्टँडपर्यंत सोडायला गेली. परत आली तेव्हा मी पुन्हा दिवा लावून बसलो होतो.

"काढला का?" तिनं विचारलं.

"आता काढला तर लोक विचारतील का काढला. थोडं थांबू दे."

"आणि तुम्ही जाणार नाही चौकशीला?"

"मला कुणी बोलावलंय का? तिला हवं होतं ते दिलं ना मी?"

तिनं आत जाऊन कुकर लावला. मी बोट रोखून मंत्र्यांना थेट प्रश्न विचारला.

पुढचं वर्षभर मी भरपूर बोललो. आघाड्या झाल्या, मोडल्या, पुन्हा झाल्या. मी प्रत्येक वेळी, मी हे आधीच सांगितलं होतं, असं सांगितलं. अठ्ठावीस तारीख कधी येऊन गेली ते मला समजलंही नाही. बाईंचं काम झालंच असणार असं मी धरून चाललो होतो. डोळ्यांनी दिसत होतं ना सगळं.

फेब्रुवारीत एके दिवशी सकाळी वैजयंता गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी फोनवर शिव्या वाचत बसलो होतो.

"हिंगमिरे बाईंचा निकाल लागला," ती म्हणाली.

"कोण?"

तिनं हातातली चादर झटकली. "ठपका ठेवलाय. मुख्याध्यापक पदावरून खाली आणलं. साधी शिक्षिका करून डोंगराकडच्या एका वस्तीशाळेवर टाकलंय."

"असं कसं? व्हिडिओ दाखवला नाही का?"

"दाखवला की. चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं, ही चित्रफीत कोणी काढली? टपरीवाला नाही म्हणाला. मग विचारलं, तुम्हाला कुणी दिली? नाव सांगा, त्यांना बोलावतो, ते खरी आहे म्हणाले की झालं. तीनदा विचारलं."

"मग?"

"मग काय. शब्द दिला होता ना." ती चादरीला चिमटे लावत होती. "लिहिलंय तसं निकालात. चित्रफितीचा स्रोत सांगण्यास नकार, सबब ग्राह्य धरता येत नाही."

"तुला कुणी सांगितलं हे?"

"त्यांनीच. मी महिन्याला फोन करते त्यांना."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

रिकामी बादली घेऊन ती खाली गेली.

मी त्याच दिवशी उठून जतला जायला हवं होतं, असं कुणीही म्हणेल. मी गेलो नाही. तो व्हिडिओ मात्र काढून टाकला. कुणी विचारलं नाही का काढला म्हणून. लोक ते केव्हाच विसरून गेले होते. दोन-तीनदा कबुलीचा व्हिडिओ करायला बसलो. दिवा लावला, केस सारखे केले आणि बोलायला लागलो की आवाज आपोआप नेहमीचा चढायचा, बोट वर जायचं. पाहिलं की वाटायचं, हा माणूस पुन्हा काहीतरी विकतोय. सगळे पुसून टाकले. पुढं चॅनलवरचं माझं बोलणंही कमी होत गेलं. मुंबईवाल्यांना माझ्याहून जोरात ओरडणारा कुणी मिळाला. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही, थकलो होतो. आता मी एका प्रकाशकाकडं मुद्रितं तपासतो. तिथं समोरचा कागद पूर्ण वाचावा लागतो.

त्याच्या पुढच्या वर्षी सप्टेंबरात वैजयंता म्हणाली, "बाई तीस तारखेला निवृत्त होतायत."

चोवीस तारखेला मी गेलो. जतपर्यंत एस.टी., पुढं वडापची जीप, त्याच्यापुढं दीड किलोमीटर चालत. माझ्याही दोन गाड्या बदलून झाल्या. दोन खोल्यांची शाळा, समोर कडुलिंब, बाजूला हापसा. मुख्याध्यापक म्हणून कुणी तिशीचे गुरुजी होते, ते केंद्रशाळेत बैठकीला गेले होते. बाई दुसरीच्या मुलांना हातच्याची बेरीज शिकवत होत्या. मला बघून त्यांनी खडू ठेवला आणि पदराला हात पुसले.

"या सर. पत्ता सापडला का?"

"वैजयंतानं दिला."

"बऱ्या आहेत ना त्या? गुडघा दुखत होता त्यांचा."

वैजयंताचा गुडघा दुखत होता हे मला ठाऊक नव्हतं.

"बाई, माझं नाव का नाही सांगितलं?" मी एकदम विचारलं. वाटेत बरंच काय काय ठरवलं होतं, पण तोंडून हेच आलं.

"तुम्हीच म्हणाला होता ना."

"पण नोकरीवर बेतलं होतं तुमच्या!"

"मला वाटलं, तुम्हीच याल." बाई सरळ म्हणाल्या. "तीन तारखा झाल्या. प्रत्येक तारखेला मी दाराकडं तोंड करून बसायचे. नाव घेणार नाही म्हणाले होते मी. तुम्ही स्वतः आला असता तर माझा शब्दही राहिला असता."

मी पायरीवर बसलो. आत एक मुलगी मोठ्यानं म्हणाली, "बाई, कोण आलंय ओ?"

"पाहुणे आलेत. तुम्ही गणितं करा."

"मी आता लेखी देतो," मी म्हणालो. "कुठं द्यायचं सांगा. जिल्हा परिषदेत देतो, कलेक्टर ऑफिसात देतो."

"अपिलाची मुदत गेली सर. सहा दिवस राहिलेत माझे." त्या जराशा हसल्या. "आणि इथं बरं आहे हो. इथल्या पोरांना मशीन बिशीन काही माहीत नाही."

त्या आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात लांबट, कापडी बांधणीची एक वही होती. कुठल्याही जिल्हा परिषदेच्या शाळेत असते ती, शेरेबुक. शाळेत येणाऱ्या माणसानं त्यात नाव लिहायचं, यायचं कारण लिहायचं आणि शेरा लिहून सही करायची. शाळेचं दप्तर असतं ते. तपासणीला आलेला प्रत्येक साहेब आधी ते मागवतो.

"नियम आहे," बाई म्हणाल्या. "आल्यागेल्याची नोंद करावी लागते. नाव लिहायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी सांगणार नाही."

वही माझ्या मांडीवर ठेवून त्या वर्गात गेल्या. मागच्या पानावर पोषण आहार तपासणाऱ्यांचा शेरा होता, 'खिचडी उत्तम'. मी पेन काढलं. आजूबाजूला ना दिवा, ना कॅमेरा. आतून मुलं हातचा एक, हातचा एक म्हणत होती.

मी नाव लिहिलं, मकरंद विश्वनाथ ओतारी. मग कारणाच्या रकान्यापासून शेऱ्याच्या रकान्यापर्यंत, पुढं समासात आणि मग अख्ख्या पुढच्या पानावर लिहीत गेलो. व्हिडिओ मला कुणाकडून आला, त्यात कोण कोण होतं, मी तो कसा कापला, पूर्ण व्हिडिओ मी स्वतः बाईंना दिला आणि माझं नाव घेऊ नका म्हणून मीच सांगितलं. कुठं विशेषण घातलं नाही. सही केली. अक्षर वाचता येत होतं.

बाई बाहेर आल्या. चष्मा लावला आणि उभ्या उभ्या सगळं वाचलं. मुलांच्या वह्या तपासतात तसं, ओळीखाली बोट फिरवत. त्यांचे डोळे भरून आले असावेत, कारण त्यांनी चष्मा काढून पुसला. मग वही पुन्हा माझ्या हातात दिली आणि सहीच्या खालच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"तारीख घाला सर," त्या म्हणाल्या. "तारखेशिवाय ग्राह्य धरत नाहीत."

मी त्या दिवसाची तारीख घातली.